‘फोरक्लोजर’: कर्ज फिटलं की घर गेलं?

प्रश्न असा: गृहकर्ज लवकर फेडलं की इथली बँक ‘फोरक्लोजर लेटर’ देते, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या घरांविषयी वाचताना मात्र फोरक्लोजर म्हणजे घर हातचं जाणं. बरोबर कोणतं?

दुसरं. पहिला अर्थ आपल्या बँकांनी रूढ केला आणि ‘आम्ही लोन फोरक्लोज केलं’ हे सर्रास ऐकू येऊ लागलं. हेच वाक्य न्यू जर्सीत बोललात, तर ऐकणारा घर लिलावात गेलं असंच समजेल.

‘फोरकास्ट’मधला ‘फोर’ धरून ‘मुदतीआधी क्लोज’ अशी फोड करतात. साफ चूक! शब्द जुन्या फ्रेंच ‘फोर्क्लोर’वरून आला. त्यातला ‘फोर’ म्हणजे लॅटिन ‘फोरिस’, दाराबाहेर. हा ‘फोरिस’ आणि संस्कृत ‘द्वार’ एकाच मूळ धातूचे, म्हणजे आपलं ‘दार’ त्याचं भावंडच. माणसाला बाहेर ठेवून दार लावणं, एवढा तो अर्थ सरळ आहे. आपल्या कायद्याच्या हिंदी पाठात फोरक्लोजरसाठी ‘पुरोबंध’ घातलंय; ‘पुरः’ म्हणजे पुढे. चुकीच्या फोडीवर संस्कृतचा शिक्का मारल्यानं ती बरोबर ठरत नाही.

बाहेर कशाच्या? जुन्या इंग्रजी गहाणात ठरल्या दिवशी पैसे आले नाहीत की जमीन सावकाराची. 17व्या शतकात इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयानं उशिरा पैसे भरूनही गहाण सोडवण्याचा हक्क मान्य केला: ‘इक्विटी ऑफ रिडेम्प्शन’. घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरणाऱ्या मालकाच्या वाट्याला ‘इक्विटी’ म्हणतात ते यावरूनच. हा हक्क तोडायला सावकाराला कोर्टात जावं लागे, तो दावा म्हणजे फोरक्लोजर. आपल्या 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 67मध्येही हाच अर्थ आहे.

आता शिकागो. 1934 साली स्थापन झालेली फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन ही गृहकर्जांचा विमा उतरवणारी सरकारी संस्था कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या कर्जांना विमा देत नसे, म्हणून तिथं साधं गहाणकर्जही मिळेना. 1950-60च्या दशकांत लॉनडेलसारख्या भागात लोकांनी सट्टेबाजांकडून चढ्या भावानं, हप्त्यांच्या करारावर घरं घेतली. शेवटचा हप्ता जाईपर्यंत खरेदीखत विकणाऱ्याच्याच नावे. एक हप्ता चुकला की करार रद्द, भरलेले पैसे बुडाले, घर पुन्हा दुसऱ्याला विकायला मोकळं. गहाणच नाही, तर सोडवण्याचा हक्क कुठला? फोरक्लोजरचा दावा लावायचीसुद्धा गरज नव्हती. इक्विटी साठत नव्हती, मुलांच्या हाती काही येत नव्हतं. 1968 साली तिथं उभ्या राहिलेल्या कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग या खरेदीदारांच्या संघटनेचा लढा याच करारांविरुद्ध होता. गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातल्या संपत्तीच्या दरीबद्दल लिहिणारे मराठी लेखक या कराराला बेधडक ‘गृहकर्ज’ म्हणतात, तिथं मुद्दाच हरवतो.

मुदतीआधी फेडण्याला ‘मुदतपूर्व फेड’ म्हणा. पतसंस्थांत ‘बेबाकी दाखला’ चालतो. ‘बे-बाकी’, बाकी नसलेला. फेड झाली की तो घ्या, मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत मागा (रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, बँकेमुळे उशीर झाल्यास रोज 5,000 रुपये भरपाई) आणि सातबारा किंवा मिळकतपत्रिकेवर बोजा चढला असेल तर तो कमी करून घ्या.