स्पॅनिशचा अनियमित भूतकाळ : तक्ता राहू द्या, आधी 'मी' आणि 'तो' पक्के करा

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे : शाळेत पोर्तुगीज होतं, आता हॉटेलच्या रिसेप्शनवर असल्यामुळे स्पॅनिश शिकतेय. साध्या भूतकाळातल्या अनियमित क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ आहेत, पण पाहुण्यांशी बोलताना हमखास चुकीचं रूप निघतं. काय करू?

ताई, तुमचं पाठांतर कमी पडत नाहीये. अडतंय ते मराठीच्या सवयीमुळे. 'मी काम केलं', 'त्याने काम केलं' : कर्ता बदलला तरी 'केलं' जागचं हलत नाही. हललंच तर कर्मामुळे, भाकरी केली, चहा केला. कोंकणीतही तसंच, हांवें केलें, ताणें केलें. स्पॅनिशमध्ये मात्र क्रियापद कर्त्याप्रमाणेच बदलतं आणि 'मी', 'तो' हे शब्द बहुतेक वेळा गाळलेलेच असतात. 'इसे' म्हणजे मी केलं, 'इसो' म्हणजे त्याने किंवा तिने केलं. सगळा भार शेवटच्या एका स्वरावर, आणि नेमका तोच स्वर टिपायची आपल्या कानाला सवय नसते.

त्यात वर्तमानकाळात शेवटचा 'ओ' हा 'मी'चा असतो, 'आब्लो' म्हणजे मी बोलते. अनियमित भूतकाळात तोच 'ओ' 'तो'चा होतो. म्हणून 'मला जमलं नाही' म्हणताना 'नो पुदो' निघून जातं. हवं असतं 'नो पुदे'.

तेव्हा सहा रूपांचा तक्ता राहू द्या आणि फक्त जोड्या घ्या, मोठ्याने म्हणत : तुबे–तुबो (जवळ असणं), एस्तुबे–एस्तुबो (कुठे असणं), पुदे–पुदो (जमणं), पुसे–पुसो (ठेवणं), बिने–बिनो (येणं), किसे–किसो (हवं असणं), इसे–इसो, दिखे–दिखो (सांगणं), त्राखे–त्राखो (आणणं). धातू प्रत्येकाचा वेगळा वाकतो, पण प्रत्यय सगळ्यांचे एकच. आणि उच्चारातला जोर नेहमी शेवटून दुसऱ्या भागावर, तु-बे, पु-दे, एस्-तु-बे मध्ये 'तु'वर. नियमित क्रियापदांत तो शेवटी असतो : को-मी, मी खाल्लं, को-मियो, त्याने खाल्लं. म्हणूनच नियमित रूपांवर जोराची खूण देतात आणि या अनियमितांवर देत नाहीत. जोर जागेवर बसला की रूप आपोआप बसतं, हे मी अनेक विद्यार्थ्यांत पाहिलंय.

लिहिताना दोनच ठिकाणी जपा. 'इसो'मध्ये सी जाऊन झेड येतो, नाहीतर वाचणारा 'इको' वाचेल. आणि 'त्यांनी सांगितलं' हे 'दिखेरोन', 'त्यांनी आणलं' हे 'त्राखेरोन'. 'तुबिएरोन'मधला 'इ' या दोघांत नसतो.

तुमचं पोर्तुगीज इथे मोठा आधार आहे, पण एका जागी फसवतं. पोर्तुगीज 'मी' आणि 'तो'तला फरक बहुधा धातूच्या स्वरात दाखवते : तिव–तेव, पुद–पोद. स्पॅनिशमध्ये धातू तसाच राहतो आणि शेवट बदलतो. त्यामुळे पोर्तुगीज शिकलेल्यांचं लक्ष शब्दाच्या मध्यावर जातं. ते मुद्दाम शेवटाकडे वळवावं लागतं. 'फुई' मात्र तयारच मिळालं तुम्हाला : जाणं आणि असणं या दोन्हींचं भूतकाळी रूप एकच, हे दोन्ही भाषांत आहे. स्पॅनिश 'तो'साठी 'फोई' नाही, 'फ्वे' म्हणायचं एवढंच.

अर्थातला एक बारकावाही सांगते. 'सुपे' म्हणजे मला कळलं, 'साबीया' म्हणजे मला माहीत होतं. 'नो किसो' म्हणजे त्याने नकारच दिला. ही रूपं एका क्षणी घडलेली गोष्ट सांगतात; 'पाहुण्याला पाणी हवं होतं' असल्या चालू स्थितीसाठी दुसरा भूतकाळ, 'केरीया', लागतो.

सरावासाठी पुस्तकातली माद्रिदची वाक्यं नकोत, तुमचाच दिवस घ्या. 'एल बिएर्नेस एस्तुबे एन एल मेर्कादो दे म्हापसा', शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात होते. 'मि एर्मानो त्राखो पेस्कादो', भावाने मासे आणले. 'एल आउतोबुस नो बिनो', बस आलीच नाही. प्रत्येक वाक्य लगेच उलटं करा : आणले मी, बाजारात होता भाऊ. या अदलाबदलीतच खरी मेहनत आहे, तिथे घाई करू नका.

आणि रिसेप्शनवर तर तुमचं काम आणखी सोपं आहे. पाहुण्याला आदराने 'उस्तेद' म्हणायचं, आणि 'उस्तेद'ला क्रियापद 'तो'चंच लागतं. 'तुबो ब्वेन बियाखे?', प्रवास नीट झाला ना? 'दोंदे पुसो ला याबे?', चावी कुठे ठेवलीत? म्हणजे विचारताना 'ओ', स्वतःबद्दल सांगताना 'ए'. 'तू'ची आणि स्पेनमधल्या अनेकवचनी 'तुम्ही'ची रूपं दोन-तीन महिन्यांनी घेतलीत तरी चालेल.