एजन्सीनं करार चालू असतानाच भाडं वाढवलं आणि डिपॉझिट कापायची धमकी दिली, तर काय करायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: राजारामपुरीतला वन बीएचके एजन्सीमार्फत घेतलाय, करार अकरा महिन्यांचा, त्यातले चार शिल्लक आहेत. एजन्सीचा माणूस म्हणतो, हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात जागांना मागणी आहे, पुढच्या महिन्यापासून दोन हजार जादा द्या. नाहीतर आठ दिवसांत फ्लॅट मोकळा करा, आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधनं कापणार. मालकांना तुम्ही एकदाच भेटलाय.

घाबरून जादा पैसे देऊ नका आणि किल्लीही देऊ नका. मी वकील नाही, पण दोन वर्षांपूर्वी मी याच्यातनं गेलोय, आणि तेव्हा मला कुणी नीट सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कपाटातनं करार काढा आणि पहिलं पान वाचा. लिहून देणार कोण आहे? बहुतेक करारांत तिथं मालकांचं नाव असतं. एजन्सी असली तर साक्षीदार म्हणून, नाहीतर कुठंच नाही. म्हणजे तुमचा व्यवहार मालकांशी आहे. एजन्सीला मालकांनी तसा अधिकार दिला असेल तरच ती त्यांच्या वतीनं बोलू शकते, आणि त्याचा लेखी पुरावा तुम्ही खुशाल मागा. करारात लिहिलेली रक्कम मुदत संपेपर्यंत दोघांवरही बंधनकारक असते. बाजारात दर वाढले म्हणून ती मध्येच बदलत नाही.

आता नोटिशीचं कलम शोधा. बऱ्याच करारांत ‘कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवावा’ असं वाक्य असतं. ते तुमच्याही करारात असेल तर मालक एक महिन्याची नोटीस देऊ शकतात, हे मनाशी धरून ठेवा. चार महिन्यांची हमी मग राहत नाही. पण ती नोटीस लेखी पाहिजे आणि मालकांची पाहिजे. एजन्सीच्या पोरानं फोनवर दिलेले आठ दिवस म्हणजे नोटीस नव्हे.

एक फरक इथंच समजून घ्या, कारण यावर बरेच जण फसतात. आपण बोलताना ‘भाडेकरू’ म्हणतो, पण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आपल्यासारख्या ठरावीक मुदतीच्या वापर-परवानगीच्या करारावर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, तो लायसन्सी म्हणजे परवानगीनं राहणारा असतो. जुन्या पेठांतल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुळांना जे संरक्षण आहे, ते आपल्याला नाही. मुदत संपल्यावर आपल्याला जागा सोडावीच लागते. न सोडल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे दुप्पट रक्कम भरायची पाळी येऊ शकते. त्यामुळं ‘काय करायचं ते करा, मी हलत नाही’ असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पण मुदतीच्या आत विनाकारण बाहेर काढलं तर 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे भरपाई मागता येते. आणि लायसन्स रीतसर रद्द झालं तरी जागा सोडायला, सामान हलवायला वाजवी वेळ मिळालाच पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे.

माझी गोष्ट सांगतो. 2022 मध्ये शाहूपुरीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला. आदल्या वर्षीच्या जुलैत तिथं महापुराचं पाणी शिरलं होतं. भिंतींना नवा रंग दिला होता, पण पावसाळा आला की कमरेएवढ्या उंचीवर आडवी रेघ उमटायची आणि तिच्याखाली रंगाला फोड यायचे. बोटानं दाबलं की पापुद्रा सुटून हातात यायचा, त्याच्यामागं ओला चुना. जागा सोडताना एजन्सीनं डिपॉझिटच्या चाळीस हजारांतले अठरा हजार कापले. कारण लिहिलं, ‘भाडेकरूने केलेले भिंतीचे नुकसान’. मला रात्रभर झोप लागली नाही. पैशाचं दुःख होतंच, पण न केलेल्या गोष्टीचा ठपका जास्त लागला.

वाचवलं ते आईच्या एका फोटोनं. राहायला आलो त्या दिवशी तिनं नव्या शेगडीवर दूध उतू घातलं होतं आणि बहिणीनं मोबाईलवर फोटो काढला होता. आईच्या मागं ती भिंत आहे, आणि भिंतीवर ते फोड आहेत, तारखेसकट. तो फोटो प्रिंट करून मी एजन्सीकडं गेलोच नाही. करारावरच्या पत्त्यावर, सरळ मालकांच्या घरी गेलो. वयस्कर गृहस्थ होते. त्यांना ही कपात माहीतच नव्हती. ‘त्या भिंतीला 2021 पासनं ओल आहे, तुमचा काय संबंध,’ म्हणाले. पंधरा दिवसांत पैसे खात्यावर आले. पण त्याआधीचे तीन महिने मी एजन्सीच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होतो.

म्हणून आजच घरातल्या प्रत्येक भिंतीचे, नळांचे, दारांचे फोटो काढा. राहायला आलात तेव्हाचे जुने फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्येही शोधा. डिपॉझिट कुणाच्या खात्यावर भरलं ते बँक स्टेटमेंटमध्ये बघून ठेवा. डिपॉझिट किती घ्यावं यावर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्ससाठी कायद्यानं मर्यादा नाही. दोन महिन्यांचा नियम जो वाचायला मिळतो तो केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे, तो इथं लागू झालेला नाही. त्यामुळं रंगकामाबद्दल तुमच्या करारात काय लिहिलंय, तेच महत्त्वाचं. ‘नैसर्गिक झीज वगळून’ असे शब्द असतील तर त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. तोंडी आश्वासनावर मात्र विसंबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या त्याच कलम 24 प्रमाणे लायसन्सचा लेखी करार हाच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो.

करार नोंदणीकृत आहे का, तेही बघा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा उतारा, आहे का? नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. त्याच कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकांची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांना तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. हे धमकी म्हणून वापरू नका, पण माहीत असू द्या.

तोवर ठरलेलं भाडं ठरल्या तारखेला, बँकेतनंच भरत राहा. एक महिनाही अडवू नका. रागानं भाडं थांबवणारा माणूस आपली बाजू स्वतःच कमकुवत करतो. मालकांना स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह साधं मराठीत पत्र टाका: करार अमुक तारखेपर्यंत आहे, भाडं वेळेवर भरतोय, आपल्या एजन्सीकडून वाढीची आणि जागा सोडण्याची तोंडी मागणी झाली आहे, ती आपल्याला मान्य आहे का ते लेखी कळवावं. एजन्सीचा फोन आला की बोलणं झाल्यावर लगेच त्यांना व्हॉट्सॲपवर लिहा, ‘आत्ता आपण असं म्हणालात.’

कुणी कुलूप बदलायला किंवा सामान बाहेर काढायला आलं तर 112 ला फोन करा आणि करार हातात ठेवा. पोलीस ‘दिवाणी मामला आहे’ म्हणतील कदाचित, तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पाणी-वीज तोडली तर वकिलामार्फत दिवाणी न्यायालयातनं मनाई हुकूम मागता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, फोन 15100. महिलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर तिनंच अर्ज करावा. एजन्सीनं तुमच्याकडनं कमिशन घेतलं असेल तर सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडंही जाता येतं, दोन वर्षांच्या आत. एवढ्या छोट्या रकमेच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. महारेराकडं, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडं, मात्र हेलपाटा घालू नका, तिथं भाड्याची भांडणं चालत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. मालकांचा पत्ता करारात आहे. आज संध्याकाळी करार आणि भाडं भरल्याच्या पावत्या घेऊन जाऊन या, आणि पहिलं हेच विचारा की दोन हजारांची वाढ त्यांनी सांगितलीय का.