पर्यावरणशास्त्र आणि आर्थिक नियोजन कायम एकमेकांच्या विरोधातच होते का?

नाही. ‘इकोसिस्टिम’ (परिसंस्था) हा शब्द 1935 साली मांडणारे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्सली 1949 मध्ये ब्रिटनच्या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. आपल्याकडं 1864 ला वनखातं निघालं, त्यामागं रेल्वेच्या स्लीपरांना लाकूड पुरत राहावं ही काळजी होती. जंगल राखणं आणि हिशेब मांडणं सोबतच सुरू झालं. भांडण आहे ते हिशेबात काय धरता यावर.

मी गोंदिया जिल्ह्यातला, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचा. आमचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी धानासाठी बांधलेला. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला. पुढं 1957 ला कटकला हिरालाल चौधरींनी इंजेक्शन देऊन रोहूसारख्या कार्प जातीच्या माशांचं प्रजनन करून दाखवलं. फार मोठं काम. पण मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, हमखास मिळायला लागलं तसं योजनेत तलाव म्हणजे टाकलेलं बीज आणि निघालेली मासळी, एवढंच उरलं.

आमच्या तलावाचं खोलीकरण झालं तेव्हा जेसीबीनं काठचं देवधान (पाण्यातला रानभात), कमळं, सगळं खरवडून नेलं. काका मच्छीमार सोसायटीत होते. म्हणाले, कचरा गेला, आता जाळं मोकळं फिरेल. आईनं तिथंच विचारलं, मग मरळ मासा अंडी कुठं घालणार? रोहू-कतला निघाले, तेही विकतच्या बीजाचे. मरळ, शिंगी हे इथले मासे दिसेनासे झाले. उघड्या काठावर बेशरम नावाचं तण माजलं. शेवटी आईनं मोहल्ल्यातल्या बाया जमवून बेशरम उपटलं, दुसऱ्या तलावातून कमळाचे गड्डे, देवधानाची रोपं आणून काठाच्या चिखलात लावली. मरळ परत आली. काकांनी तीच बाजारात चढ्या भावानं विकली, आणि वनस्पतींना अजून कचराच म्हणतात. काका, तो कचरा नाही, तुमच्या मरळीचं घर आहे.

आमच्याच जिल्ह्यातल्या ज्या नवेगावबांधला 1975 ला राष्ट्रीय उद्यान झालं, तोही सिंचनाचाच तलाव, कोहळ्यांनी बांधलेला. म्हणजे पोटापाण्याच्या नियोजनातून पक्ष्यांची जागा तयार होऊ शकते.

गाळ काढूच नये असं माझं म्हणणं नाही. भरलेला तलाव धानाला शेवटचं पाणी देत नाही. काठ सोडून मधला काढा. आणि अंदाजपत्रकात जेसीबीच्या तासांसोबत लागवड करणाऱ्या बायांची मजुरीही धरा. आमच्या आईला ती कोणी दिली नाही.