उतारवयातला ठोसा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : हेवीवेट बॉक्सरचा दम जातो, पाय जातात, पण ठोशाची ताकद सर्वांत शेवटी जाते असे म्हणतात. मग पंचेचाळिशीतला जॉर्ज फोरमन आणि अडतिशीकडे झुकलेला माइक टायसन, यांत कोणाचा ठोसा जड मानायचा?

उत्तर : फोरमनचा. मात्र सुटा एकच ठोसा पाहिला तर दोघांतले अंतर लोक समजतात तेवढे मोठे नाही. टायसनने फेब्रुवारी २००३ मध्ये क्लिफर्ड एटियनला ४९ सेकंदांत झोपवले, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. हातात जोर होताच. आटले होते ते त्या जोराला वाट करून देणारे पाय. टायसनचा ठोसा मांड्यांतून उठायचा. आधी खाली वाकायचे, डोके हलवत आत शिरायचे, बरगडीवर उजवा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारायचा आणि लगेच त्याच हाताचा अपरकट (खालून वर हनुवटीकडे जाणारा ठोसा). यातली एक कडी मंदावली की पुढचा ठोसा निसटतो. वय वाढते तसे जलद आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी झिजतात. त्यामुळे नुसता जोर बराच काळ टिकला, तरी तो झटक्यात लावण्याची क्षमता लवकर घटते. जुलै २००४ मध्ये डॅनी विल्यम्स पहिल्या फेरीत हादरला, पण टायसनला तो डाव तडीस नेता आला नाही. गुडघा दुखावला, दम संपला आणि चौथ्या फेरीत तोच खाली बसला.

फोरमनने दहा वर्षांच्या खंडानंतर १९८७ मध्ये परतताना ठोशाची घडणच बदलली. १९७३ मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा फोरमन सुमारे ९९ किलोचा होता आणि त्याचे ठोसे लांबून फिरत येत. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी मायकेल मूररसमोर उतरलेला फोरमन ११३ किलोचा होता. पाय जवळपास रोवलेले, जड जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि त्यामागून आखूड, सरळ उजवा. तिन्ही पंचांच्या गुणपत्रकांवर तो मागे होता (८८-८३, ८८-८३, ८६-८५). दहाव्या फेरीत मूरर समोरच उभा राहिला आणि आडवा झाला. त्याच्या आदल्या वर्षी फोरमनविरुद्ध टॉमी मॉरिसनने नेमके उलट केले. तो बारा फेऱ्या रिंगभर फिरत राहिला आणि गुणांवर जिंकला. ठोसा तोच होता, पण लक्ष्य जागेवर नव्हते. म्हणून उतारवयातल्या ताकदीची तुलना करताना प्रतिस्पर्धी किती हलत होता, हे आधी नोंदवावे.

प्रश्न : वजन वाढले की ठोसा जड होतो का?

उत्तर : काट्यावरचे वजन नव्हे, ठोशामागे प्रत्यक्ष लागणारे वजन महत्त्वाचे. १९८५ मध्ये ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या ठोशाचे मोजमाप झाले. वेग सेकंदाला ८.९ मीटर आणि कमाल बल ४,०९६ न्यूटन भरले. त्याच वेगाने फिरवलेल्या सहा किलोच्या, गादी लावलेल्या लाकडी हातोड्याशी त्याची तुलना केली गेली. ब्रुनोचे वजन शंभर किलोच्या आसपास असे. म्हणजे ठोशात उतरतो तो शरीराचा लहानसा हिस्सा.

आता हिशेब करा. वेग १५ टक्के घटला आणि मागचे वजन १० टक्के वाढले, तर संवेग (वजन गुणिले वेग) साडेसहा टक्क्यांनीच घटतो, पण ऊर्जा वीस टक्क्यांहून जास्त घटते, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. म्हणूनच जाडावलेल्या बॉक्सरचा ठोसा माणसाला मागे ढकलतो, पण पूर्वीसारखा ‘तोडत’ नाही. पोटावर चढलेली चरबी यात काही भर घालत नाही. कंबर वळलीच नाही तर ती नुसती ओझे.

प्रश्न : व्हिडिओवरून तुलना करायची तर काय पाहावे?

उत्तर : वेग मोजायच्या फंदात सहसा पडू नका. सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेमच्या) चित्रणात ८.९ मीटर वेगाची मूठ दोन चौकटींमध्ये जवळपास ३० सेंटीमीटर पुढे गेलेली असते. एवढ्या चुकीवर दोन बॉक्सरची तुलना उभी राहत नाही. २४० चौकटींचे चित्रण मिळाले तर हेच अंतर चार सेंटीमीटरच्या आत येते.

त्यापेक्षा प्रत्येकाच्या तीन पूर्ण लढती घ्या, निवडक क्षणांच्या फिती नकोत. स्वच्छ लागलेले ठोसेच मोजा आणि पहिल्या तीन फेऱ्या व सातवीनंतरच्या फेऱ्या वेगळ्या ठेवा. ठोसा लागताना मागच्या पायाची टाच फिरली का, पाय जमिनीला टेकलेले होते का, हे पाहा. समोरच्याचे डोके झटकले यावर भुलू नका, त्याचे गुडघे पाहा. तो स्वतः पुढे येत असेल तर त्याचाही वेग ठोशात मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये डिऑन्टे वाइल्डरच्या आखूड उजव्याने रॉबर्ट हेलेनियस पहिल्याच फेरीत पडला, तो असा आत येतानाच. आणि आवाज बंद ठेवा. रिंगजवळचा मायक्रोफोन हलक्या ठोशालाही तोफ बनवतो.

प्रश्न : नॉकआउटची टक्केवारी?

उत्तर : उतारवयासाठी जवळजवळ निरुपयोगी. अर्नी शेव्हर्सचे ७४ विजयांत ६८ नॉकआउट, फोरमनचे ७६ विजयांत तेवढेच. पण हे आकडे पूर्ण कारकिर्दीचे, त्यात सुरुवातीचे दुबळे प्रतिस्पर्धीही आले. शेव्हर्सच्या बाबतीत सप्टेंबर १९७९ ची सातवी फेरी जास्त बोलकी आहे. ३५ व्या वर्षी त्याने ऐन भरातल्या लॅरी होम्सला एका उजव्यात पाडले. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : नोव्हेंबर २०२४ च्या, यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉलविरुद्धच्या लढतीवरून ५८ वर्षांच्या टायसनची ताकद संपली, असे म्हणता येईल?

उत्तर : नाही. ग्लोव्ह्ज १४ औंसांचे होते. हेवीवेटच्या नेहमीच्या ग्लोव्ह्जचे वजन १० औंस असते, म्हणजे प्रत्येक हातावर ११३ ग्रॅम जादा. फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या. आठ फेऱ्यांत टायसनने ९७ ठोसे टाकले, त्यांतले १८ लागले. एवढ्या सामग्रीवरून त्याच्या पायांबद्दल आणि दमाबद्दल बरेच सांगता येते, ठोशाबद्दल फारसे नाही.