सुट्टीत ७-८ वर्षांच्या मुलांकडून फोटो आणि कोलाज मिळून काय करून घेता येईल? (ठाणे)

एकाच जागेचे तुकड्यातुकड्याने फोटो काढायला लावा आणि ते कार्डशीटवर जोडून मोठं चित्र करून घ्या. या वयाला हे छान जमतं आणि साधा मोबाइल पुरतो. मी ठाण्यात लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते, तिथे हा प्रकार नेहमी होतो. चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९८२ मध्ये पोलरॉइड फोटो असेच जोडायला सुरुवात केली.

तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठी जा. मुलाने एका जागी उभं राहायचं, पाय हलवायचे नाहीत, फक्त मोबाइल फिरवायचा: आधी वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग खालची. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा थोडा भाग यायलाच हवा, नाहीतर जोडताना मध्ये भोकं पडतात. १५-२० फोटो पुरे. प्रिंट छोट्या आकारात काढा, आधी नुसत्या मांडून बघा, मग चिकटवा. इंकजेट प्रिंट असेल तर पातळ गोंद नको, शाई पसरते. ग्लू स्टिक घ्या. कडा जुळत नाहीत म्हणून मुलं हिरमुसतात, पण कापून जुळवू नका. दोन फोटोंच्या मध्ये होडी पुढे सरकते आणि कोलाजमध्ये ती दोनदा दिसते. हे मुलाच्या स्वतःच्या लक्षात येऊ द्या, खरी मजा त्यातच आहे.

मूल पाचाच्या आतलं असेल तर मात्र एवढे तुकडे लावताना कंटाळतं. त्याला एकच मोठी प्रिंट पट्ट्या कापून जुळवायला द्या.