महापालिकेला प्रश्न विचारू नका, कागद मागा

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : सोसायटीसमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि काही महिन्यांतच खोदला गेला. तुम्ही माहिती अधिकारात अर्ज करून “नवा रस्ता का खोदला, याला जबाबदार कोण, त्यांच्यावर काय कारवाई केली” असे विचारले. त्यावर “प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देणे बंधनकारक नाही” असे एका ओळीचे उत्तर आले. शिवाय इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) विकासकाने सोसायटीला दिलेले नाही, ते कुठून मिळवायचे, हेही तुम्हाला हवे आहे. खाली लिहिलेले महाराष्ट्रातील कोणत्याही महानगरपालिकेला किंवा नगरपरिषदेला लागू पडेल.

ते एका ओळीचे उत्तर संताप आणणारे असले तरी कायद्याच्या दृष्टीने बहुतांशी टिकणारे आहे, हे आधी मान्य करावे लागेल. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील “माहिती” म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात प्रत्यक्ष असलेले अभिलेख, टिपण्या, आदेश, अहवाल, नमुने इत्यादी. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले, आणि जी माहिती अस्तित्वात आहे तेवढीच द्यायची, नव्याने तयार करून द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. या दोन निर्णयांचा आधार घेऊन अनेक जन माहिती अधिकारी (अर्जावर माहिती देण्यासाठी नेमलेले अधिकारी) साधे, नेमके अर्जही परतवून लावतात, ही गोष्ट वेगळी. परंतु अर्जात “का”, “कोण जबाबदार” आणि “काय कारवाई” हे शब्द आले की आपण आयतेच त्यांच्या हाती कारण देतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, कागदाच्या रूपाने पडलेले असते. तो कागद कोणता आणि तो कोणत्या टेबलावर असतो, हे अर्ज लिहिण्यापूर्वी शोधणे हेच या कामातले निम्म्याहून अधिक काम आहे.

तुमचा रस्ताच उदाहरण म्हणून घेऊ. रस्त्याच्या कामाची कागदपत्रे एका ठरलेल्या क्रमाने जन्माला येतात : कामाचे अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराची देयके आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. कार्यादेशात किंवा निविदेच्या अटींमध्ये दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे काम झाल्यावर किती काळ दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची, हे त्यात असते. मोजमाप पुस्तिका, जिला कार्यालयात सगळे “एमबी” म्हणतात, ती पाहिली तर रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येक थरानुसार, तारखेसह आणि अभियंत्याच्या सहीनिशी नोंदलेली दिसते. देयक याच नोंदींवर काढले जाते. त्यामुळे कामाबद्दल शंका असेल तर देयकापेक्षा एमबीची प्रत अधिक बोलकी ठरते.

खोदाईची नस्ती मात्र वेगळी असते आणि तुमचे खरे उत्तर तिथे आहे. रस्ता वीज, गॅस, केबल किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी खोदला असेल, तर ज्या संस्थेने खोदला तिने पथ विभागाकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे अर्ज केलेला असतो. त्यावर खोदाईचे परवानगी पत्र निघते. या पत्रात संस्थेचे नाव, खोदाईची लांबी, मुदत, भरून घेतलेले पुनर्स्थापना शुल्क (रस्ता पुन्हा नीट करण्याचा खर्च) आणि रस्ता पूर्ववत करण्याच्या अटी असतात. तेव्हा नवा अर्ज साधारण असा लिहावा :

“(रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत) या रस्त्यावर (दिनांक) ते (दिनांक) या कालावधीत खोदाई करण्यासाठी दिलेल्या सर्व परवानगी पत्रांच्या, त्यासाठी आलेल्या अर्जांच्या आणि पुनर्स्थापना शुल्क भरल्याच्या पावत्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. अशी परवानगी दिलेली नसल्यास तसे लेखी कळवावे. सदर रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि विनापरवाना खोदाईबद्दल बजावलेल्या नोटिसा यांच्या प्रती द्याव्यात.”

या मजकुरात एकही प्रश्नचिन्ह नाही. तरी का खोदला, कोणी खोदला आणि कारवाई झाली की नाही, या तिन्हींची उत्तरे त्यातून बाहेर येतात. परवानगी दिलेली नसल्यास तसे कळवावे, हे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे, कारण “अभिलेख उपलब्ध नाही” एवढे उत्तर आले तर परवानगीच नव्हती की कागद सापडत नाही, हे कळायला मार्ग उरत नाही.

कोणत्या विभागाकडे कोणता कागद असतो, हे माहीत नसेल तर महापालिकेच्या संकेतस्थळावर कलम ४(१)(ख) खाली जाहीर केलेली माहिती शोधावी. ती बोलीभाषेत “सतरा बाबी” म्हणून ओळखली जाते. तिचे स्वरूप बहुतेक ठिकाणी कंटाळवाणे आणि वर्षानुवर्षे न बदललेले असते, तरीही त्यातील तीन बाबी कामाच्या आहेत. विभागाकडे कोणत्या प्रकारचे दस्तऐवज आहेत त्यांचे विवरण सहाव्या बाबीत असते, ज्यांना सवलती किंवा परवाने दिले त्यांचा तपशील तेराव्या बाबीत असायला हवा आणि जन माहिती अधिकाऱ्यांची पदनामे सोळाव्या बाबीत असतात. खोदाईची आणि बांधकामाची परवानगी ही तेराव्या बाबीतलीच गोष्ट आहे, हे अपिलात लिहिता येते.

आता ज्या कागदांसाठी माहिती अधिकाराची गरजच नसते त्यांविषयी. सर्वसाधारण सभेची आणि स्थायी समितीची कार्यपत्रिका, ठराव व इतिवृत्त नगरसचिव कार्यालयात असतात आणि बऱ्याच महापालिका ती संकेतस्थळावरही टाकतात. वार्षिक अंदाजपत्रक तर छापील स्वरूपात असते. तुमच्या रस्त्यासाठी तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली होती, हे त्यात पाहून घेतले की पुढच्या अर्जात नेमके लिहिता येते. सातबारा आणि शहरी भागातील मिळकत पत्रिका भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीसह मिळते. नोंदणीकृत खरेदीखत पाहायचे असल्यास नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्ताचा गोषवारा (इंडेक्स टू), शोधावी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक एक आणि त्याच्या सूची कोणीही शुल्क भरून पाहू शकतो, मृत्युपत्रांचे पुस्तक मात्र असे खुले नसते. जन्म-मृत्यूचे दाखले आणि अशा इतर नेहमीच्या सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेल्या मुदतीत मिळायच्या असतात. त्यांच्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करणे म्हणजे तीस दिवस स्वतःहून वाढवून घेणे आहे.

तुमचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन्हींसाठीही आधी साधी वाट चोखाळावी. इमारतीचा प्रकल्प महारेरावर, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, नोंदलेला असेल, म्हणजे १ मे २०१७ रोजी काम अपूर्ण होते किंवा प्रकल्प त्यानंतरचा आहे, तर प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आणि मंजूर नकाशे प्रकल्पाच्या पानावरच पाहायला मिळण्याची शक्यता मोठी आहे. इमारत जुनी असल्यास महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकलेसाठी अर्ज करावा. त्यात सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, भूखंड क्रमांक आणि शक्य असल्यास प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख द्यावी. हा क्रमांक बहुतेकांच्या घरातच असतो, फक्त तो तिथे आहे हे लक्षात येत नाही : सदनिकेच्या नोंदणीकृत करारनाम्यात मंजुरीचा उल्लेख क्रमांकासह केलेला असतो आणि पुष्कळदा प्रमाणपत्राची प्रतही परिशिष्ट म्हणून जोडलेली असते. क्रमांक असला की लिपिक नस्ती काढून देतो. क्रमांक नसला की “इमारतीचे नाव सांगून सापडत नाही” हे उत्तर ठरलेले आहे आणि ते खोटेही नसते, कारण नस्ती इमारतीच्या नावाने नव्हे, तर मंजुरीच्या क्रमांकाने आणि वर्षाने लावलेली असते.

प्रती मागण्यापूर्वी अभिलेख पाहण्याचा पर्याय बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते हाच सर्वांत उपयोगी पर्याय आहे. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम २(ञ) मध्ये अभिलेखांची आणि कामाचीही पाहणी करणे, टिपणे घेणे, प्रमाणित प्रती घेणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हे सगळे अधिकारात मोडते. राज्याच्या नियमांनुसार पाहणीचा पहिला तास विनामूल्य आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा स्तरावरील कार्यालये व स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे ठरवले. ही पद्धत त्याआधी पुणे महापालिकेत सुरू झालेली होती. तुमच्या कार्यालयात सोमवारची वेळ पाळली जाते का, हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. नस्ती समोर आली की डाव्या बाजूच्या टिपण्या आधी वाचाव्यात. पत्रव्यवहारात जे गुळगुळीत शब्दांत लिहिलेले असते, त्यामागचा विचार आणि कोणाचा आक्षेप कसा निकाली निघाला, हे टिपणीत दिसते. हव्या असलेल्या पानांचे क्रमांक तिथेच टिपून घ्यावेत आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागाव्यात.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र “अ” या ठरवून दिलेल्या नमुन्यात करावा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि तो एकाच विषयाचा असावा. राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज साधारणपणे १५० शब्दांच्या आत ठेवायचा आहे. रस्ता आणि इमारत हे दोन विषय एकाच अर्जात घातले, तर एका विषयाचे उत्तर हमखास लटकते. अर्ज सोसायटीच्या पत्रशीर्षावर अध्यक्ष म्हणून न करता व्यक्ती म्हणून स्वतःच्या नावाने करावा, कारण हा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे. माहिती कशासाठी हवी, हे लिहू नये. कलम ६(२) नुसार ते सांगण्याची गरज नाही, आणि लिहिले की चर्चा कागदावरून हेतूवर घसरते. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख स्पष्ट उमटली आहे, हे खिडकीवरच पाहून घ्यावे.

मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला असेल तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, तुम्हाला परत पाठवायचा नसतो. प्रतींचे शुल्क पानाला २ रुपये असते. शुल्क कळवल्यापासून तुम्ही ते भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणून पत्र आले की लगेच पैसे भरावेत. मुदत उलटून गेल्यावर माहिती दिली तर ती कलम ७(६) नुसार विनामूल्य द्यावी लागते.

नकाराचे दोन प्रकार वारंवार भेटतात. पहिला, “अभिलेख आढळून येत नाही.” शासकीय अभिलेखांचे वर्गीकरण ठरलेले आहे : “अ” वर्ग कायमचा, “ब” ३० वर्षांचा, “क” १० वर्षांचा, “क-१” ५ वर्षांचा आणि “ड” १ वर्षाचा. तेव्हा हे उत्तर आले की हा अभिलेख कोणत्या वर्गात मोडतो त्या सूचीची प्रत आणि तो नष्ट केला असल्यास नाशन नोंदवहीतील (नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही) संबंधित पानाची प्रत मागावी. एका नगरपरिषदेत माझ्या अर्जावर असाच नकार आला होता. नाशन नोंदवहीची मागणी होताच मूळ नस्ती अभिलेख कक्षात सापडली. दुसरा प्रकार वैयक्तिक माहितीचा. डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्याने कलम ८(१)(ञ) मध्ये दुरुस्ती केली आणि हे कारण पूर्वीपेक्षा व्यापक झाले. त्यामुळे शेजाऱ्याची कर-थकबाकी किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचा रजेचा तपशील मागण्यात शक्ती घालवू नये. ठेकेदाराशी झालेला करार, परवानगी पत्र आणि देयक ही मात्र सार्वजनिक पैशाची कागदपत्रे आहेत. ती या कारणाने नाकारली, तर कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताचा मुद्दा आणि कलम १० नुसार फक्त वैयक्तिक भाग झाकून उरलेला देण्याची मागणी, हे दोन्ही अपिलात लिहावे.

प्रथम अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत, जोडपत्र “ब” मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करायचे असते. ते ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाली निघायला हवे. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यावर असते, आणि आयोग त्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये इतका दंड करू शकतो. पण आयोगाकडे सुनावणी लागायला बराच काळ जातो, हे धरूनच चालावे. म्हणून प्रथम अपील मनापासून लढवावे, सुनावणीला स्वतः हजर राहावे आणि हव्या असलेल्या कागदांची यादी तिथे लेखी द्यावी. बरीच प्रकरणे या टप्प्यावरच सुटतात.

तुमच्या आधीच्या अर्जावर मात्र अपील करू नये, असे मला वाटते. प्रश्नार्थक मजकुरावरचे अपील फेटाळले जाण्याची शक्यता जास्त आहे आणि त्यात दोन महिने जातील. त्याऐवजी वरच्या नमुन्याप्रमाणे पथ विभागाकडे नवा अर्ज करावा आणि इमारतीच्या नकलेसाठी बांधकाम परवानगी विभागात स्वतंत्र अर्ज द्यावा. खोदाईचे परवानगी पत्र हाती आले की त्यातल्या पुनर्स्थापनेच्या अटी इथे लिहा, म्हणजे त्या अटींचा भंग झाला आहे का आणि पुढची तक्रार कोणाकडे करायची, ते पाहता येईल.