आधी गावं घ्या, मग टँक

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आलेला नातू जाताना त्याचा स्विच, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं निन्टेंडोचं यंत्र, माझ्याकडे ठेवून गेला. त्यात ‘अॅडव्हान्स वॉर्स’ या लढाईच्या खेळाची नवी आवृत्ती आहे. मी बुद्धिबळ खेळणारा, त्यामुळे आळीपाळीच्या चाली लगेच आवडल्या. पण ज्या मॅपवर कारखाना मिळतो तिथे हटकून हरतो. पैसे साठवून टँक घेतो, पुढे नेतो आणि शत्रूच्या तोफा ते उडवतात. कुठे चुकतं?
– एक निवृत्त वाचक, सिंहगड रोड

उत्तर : काका, चूक पैसे साठवण्यातच आहे. पायदळाची तुकडी १,००० ला मिळते, टँक ७,००० ला. आणि ताब्यातलं प्रत्येक शहर रोज १,००० देतं (खेळातला दिवस म्हणजे दोघांची एकेक चाल). शहर फक्त पायदळच घेऊ शकतं. पूर्ण १० ताकदीच्या तुकडीला दोन दिवस लागतात, मार खाऊन ५ वर आलेलीला चार. म्हणून पहिले दिवस कारखान्यातून पायदळच काढा आणि अर्धवट घेतलेल्या शहरावरून तुकडी हलवू नका, मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते.

हे मला मावसभावानं शिकवलं. मूळ खेळ २००१ चा, गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावरचा. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून कात्रजच्या बसमध्ये मी खिडकीची जागा धरायचे. सुट्टीत नारायण पेठेतल्या वाड्यात आम्ही दोघं एकाच यंत्रावर खेळायचो, चाल संपली की यंत्र दुसऱ्याच्या हातात. मी १६,००० चा मोठा टँक घेऊन खूश असायचे, तोवर त्यानं निम्मा मॅप घेतलेला असायचा.

आता तोफांचं. तोफ दोन ते तीन घरांच्या अंतरावर मारते, पण हलली की त्याच चालीत डागता येत नाही. शेजारी जाऊन उभं राहिलात तर तिला उलटा वारही करता येत नाही. म्हणजे तिच्या टप्प्यात एकेक टँक आणून थांबवायचा नाही. टप्प्याबाहेर थांबा, टँक सहा घरं चालतो, एका झेपेत तिला गाठा.

स्वतःची तोफ असेल तर मला सगळ्यात आवडणारा डाव असा : डोंगरावर किंवा झाडीत पायदळ पुढे ठेवायचं, दोन घरं मागे तोफ. शत्रूचा टँक पायदळावर येतो. तुमची चाल आली की आधी तोफ डागा, त्याची साधारण दोन-तृतीयांश ताकद जाते, मग उरलेला तुमच्या टँकनं संपवा. हा क्रम उलटा करू नका. टँक टँकवर आधी गेला तर समोरचा निम्म्यावर येतो, पण उरलेल्या निम्म्या ताकदीनं उलटा मारतोच.

धुक्याच्या मॅपवर, म्हणजे जिथे लांबचा शत्रू दिसत नाही तिथे, पायदळ डोंगरावर चढवा. पर्वतीवरून पुणं दिसतं तसं तिथून लांबचं दिसतं. झाडीत लपलेलं मात्र शेजारी गेल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा टँक झाडीलगत नेण्याआधी तिथे पायदळ पाठवा.

नव्या आवृत्तीत चालू चाल पहिल्यापासून परत खेळता येते. बिनदिक्कत वापरा, तोफेचे टप्पे त्यातूनच डोळ्यांत बसतात. आणि नातू दिवाळीला स्विच न्यायला आला की त्याच्याशी एक डाव खेळा, एकाच स्विचवर आळीपाळीनं होतो. तो पहिल्याच दिवसांत टँकसाठी पैसे साठवत बसला, तर तुम्ही गप्प राहून शहरं घेत जा.